ठेवणीतली मशीन

धुळीचा महिना. अध्यक्षांच्या फलकावर तारीख बारा आहे, मास्तरीण म्हणते चौदा. तुला हवी ती धर.

बारक्यास,

आशीर्वाद आहेतच. एवढी एकच गोष्ट इथे अजून बंद पडलेली नाही.

चौदा वर्षांनी पत्र आलं म्हणून बायकोला हाका मारत सुटू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय. थोरली मशीन वाजायला लागलीय.

आवाज कागदावर कसा लिहायचा? आबांचा जबडा जेवताना वाजायचा, आठवतोय? तसा. आधी अधूनमधून यायचा, आता फेऱ्याफेऱ्याला येतो. वरचं बेअरिंग संपलं, खालचं त्याच वाटेवर आहे. मी ग्रीस चोपडते, पण ग्रीस म्हणजे तरी काय, डॉक्टरणीकडचं मलम आणि स्वयंपाकघरातलं जुनं तेल. धाकटी चालू आहे, पण तिचंही वय तेवढंच. एक दिवस थोरली, एक दिवस धाकटी, अशा दोघी मी आलटूनपालटून चालवल्या. आबांची शिकवण. दोघी एकदमच म्हाताऱ्या झाल्या.

तर सरळ मुद्द्यावर येते. आबांच्या चार हवेच्या मशीनी. वाटणीत दोन तू नेल्यास, दोन इथे राहिल्या. तुझ्या दोनांतली एक तू कापडात गुंडाळून ठेवलीस. जहाज येईपर्यंत चांगली राहावी म्हणून. ती अजून तशीच आहे हे मला माहीत आहे. कसं माहीत ते विचारू नकोस. त्या ठेवणीतलीची दोन्ही बेअरिंग काढ आणि हे पत्र घेऊन येणाऱ्या सावकाशच्या गाडीतून पाठव. ताटाएवढी तर आहेत, मांडीवर घेऊन येईल तो.

जहाज आलं नाही, हे तुला कळलंच असेल. येणारही नाही. आपल्या खाणीतला दगड वरच्यांना नको झाला. दगड नको म्हणून जहाज नाही, जहाज नाही म्हणून बेअरिंग नाही, आणि बेअरिंग नाही म्हणून श्वास नाही. एवढं साधं गणित अध्यक्षांच्या डोक्यात शिरायला सभांवर सभा घ्याव्या लागल्या. शेवटच्या सभेत ते म्हणाले, "परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे." मी म्हटलं, "लक्ष ठेवून बेअरिंग फिरत असतं, तर मी रोज मशीनसमोर डोळे वटारून बसले असते." लोक हसले. अध्यक्षांनी सभा संपवली.

आपली गल्ली बंद केली. आबांची खोलीसुद्धा. दाराला पट्ट्या मारल्या आणि वर फलक लावला, 'तात्पुरते बंद'. जिन्याला तोच फलक, नळाला तोच, शाळेच्या वरच्या मजल्याला तोच. या ग्रहावर आता एकच धंदा जोरात आहे, फलक रंगवण्याचा. बाजारात तीन दुकानं उरलीत. शिंपी जुन्या कपड्यांचे जुने कपडे शिवून देतो. चांभारीण बुटांना ठिगळं लावते. आणि तिसरा तो फलकवाला. त्याच्या दुकानावर फलक नाही.

आमचे हे बरे आहेत. ट्राम बंद पडून सहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन जातात, ट्राम झाडतात, बसतात, दुपारी परत येतात. मी विचारलं, "तिथे करता काय?"

"बसतो. कुणी आलं तर?"

"कुणी आलं तर काय, चालवणार आहात?"

"नाही. पण बंद आहे हे सांगायला तरी माणूस नको?"

आता या माणसाला काय बोलायचं.

बेअरिंग पाठव. उत्तर लांबलचक नको. सावकाश दोन दिवसांत तिथे पोचतो असं तो म्हणतो, म्हणजे तीन धर.

ताई

धुळीचा महिना सरत आला. तारखेचा फलकही 'तात्पुरते बंद'.

बारक्या,

उत्तर लांबलचक नको म्हटलं होतं मी. पण हे काय?

"ताई, बेअरिंग देता येत नाहीत. पुन्हा मागू नकोस."

एवढंच? गाडीवाला तीन दिवस धूळ खात आला, त्याच्या हाती एवढंच? मी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली, मागे काही आहे का. मागे तुझ्याकडच्या शाळेतल्या कुणाचे तरी पाढे होते. सात सत्ते पंचेचाळीस. शिकवता काय रे पोरांना?

थोरली थांबली. परवा सकाळी. मोडली नाही, जळली नाही. माणूस बोलता बोलता गप्प होतो तशी झाली. मी बाजूलाच होते. दट्ट्या धरून ढकलला, लाथ घातली, शिव्या दिल्या. आमचे हे म्हणाले, "राहू दे आता तिला." जणू कुणी पाहुणी होती.

आता सगळ्यांचा भार धाकटीवर. तिचा जोर शाळेच्या पलीकडे पोचत नाही. म्हणून सगळी वस्ती शाळेत आणि गोदामात येऊन राहिलीय. माझ्या वाट्याला दुसरीचा वर्ग आलाय. भिंतीवर फळांची चित्रं आहेत. यातलं एकही फळ कुणी खाल्लेलं नाही, पण पोरांना नावं पाठ. चूल फक्त दुपारी. धावायचं नाही, भांडायचं नाही, मोठ्यानं गायचं नाही, असा हुकूम आहे. मी विचारलं, "बोलायचं का?" अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही थोडं कमीच बोला."

तुला गंमत सांगते. लोक गोदामाचा जिना चढताना मध्येच थांबतात आणि शेजारच्याची चौकशी करतात. "काय, कसं काय? झोप झाली का?" दोन पायऱ्या चढले की पुन्हा, "आणि बाकी?" दम लागलाय हे कुणी बोलत नाही. सगळी वस्ती एकदम मायाळू झालीय. हवा संपत आली की माणसं प्रेमळ होतात बहुतेक. तुला अजून पुरेशी दिसते.

तुझा स्वभाव मला नवा आहे होय? लहानपणी जहाजातून बूट आले होते. निळे. मी माझे त्याच दिवशी घातले आणि खाणीच्या उतारावर घासून टाकले. तू तुझे उशाशी ठेवलेस. "चांगल्या दिवशी घालीन." चांगला दिवस आला तेव्हा पायाची टाच आत जाईना. रडलास, तेव्हा आबांनी मला ओरडा दिला. का, तर मी हसले म्हणून.

आबा गेल्यावर तरी वेगळं काय झालं? मी म्हणत होते, चारही मशीनी फिरत्या ठेवू. तू म्हणालास, दोन पळवू आणि दोन नव्याच्या नव्या ठेवू, जहाज येईपर्यंत. माझी माणसं आणि तुझी माणसं झाली. भांडी वाटतात तशा मशीनी वाटल्या. ज्या मशीनी जोडीनं राहाव्यात म्हणून जोडीनं आल्या, त्यांची आपण वाटणी केली. असला शहाणपणा दुसरीकडे कुठे सापडणार नाही. अख्ख्या माळावर माणसांच्या दोनच वस्त्या, आणि त्याही एकमेकांशी अबोला धरून.

निघताना गाडीच्या पायरीवर उभा राहून काय म्हणालास, ते मी विसरलेले नाही. "एक दिवस तू माझ्या दारात येशील, ताई."

मी काय म्हणाले तेही आठवत असेल. "मेले तरी येणार नाही."

आता ऐक. मी तुझ्या दारात येत नाहीये. बेअरिंग मागतेय. तीही माझ्यासाठी नाही. इथे सत्तावन्न माणसं आहेत, त्यांत नुकतं रांगायला लागलेलं एक पोर आहे. त्यानं तुझं काय घोडं मारलंय? (घोडं कुणी पाहिलंय इथे, पण म्हण आहे.)

तुझ्या गुंडाळलेल्या मशीनला आता कुठल्या चांगल्या दिवसाची वाट बघायचीय ते तरी कळव.

ताई

धूळ थांबली. म्हणजे थंडीचा पहिला आठवडा समज.

बारक्या,

तुझ्या बायकोनं पाठवलेली पुरचुंडी मिळाली. तिला ओरडू नकोस. ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

सावकाश आला तो नेहमीप्रमाणे हातपाय झटकत, पाणी मागत. मी विचारलं, "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही."

"मग आलास कशाला इतक्या लांब?"

"वहिनींनी हे दिलंय. म्हणाल्या, काही सांगू नकोस, नुसतं हातात दे."

जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी. सोडलं तर काळा चुरा. एखाद्या पुडीत चहा उरावा तसा. आमचे हे वाकून बघायला लागले. "बी आहे का कसलं?" मी चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला. आयुष्यभर रबर कापलंय मी, ते मेल्यावर ओळखणार नाही होय?

मी म्हटलं, "सावकाश, हे वायसर आहेत."

त्यानं पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

"गुंडाळलेल्या मशीनचे वायसर आहेत."

"मला काही सांगायचं नाही असं सांगितलंय."

"मग मी सांगते, तू फक्त मान हलव. त्याची चालती मशीन बंद पडली."

मान हलली.

"म्हणून त्यानं ठेवणीतली उघडली."

हलली.

"आणि चौदा वर्षं न फिरल्यामुळे आतलं सगळं रबर भुगा झालंय. बाकी मशीन नवरीसारखी, आणि श्वास एक नाही."

सावकाशनं मान हलवायचं सोडलं आणि तोंड उघडलं. "ताई, ते चामड्याचे वायसर करून बघतात, कापडाचे बघतात, डिंक लावून बघतात. मशीन नुसती शिट्टी मारते. सगळे रोपांच्या खोलीत झोपतात, पानं जेवढं देतील तेवढ्यावर. बारकूदादा कुणाशी बोलत नाहीत. दिवसभर त्या मशीनपुढे बसतात."

मी हसले. खोटं कशाला बोलू, आधी हसलेच. चौदा वर्षं ज्या गोष्टीसाठी भांडले, ती गोष्ट ओढणीत बांधून माझ्या हातावर आली होती. मी बरोबर होते! निळे बूट! सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतकी हसले, आणि मग दम लागला म्हणून थांबावं लागलं, आणि थांबल्यावर हसण्यासारखं काही राहिलं नाही.

"देता येत नाहीत" म्हणालास. "देणार नाही" असं नव्हतं लिहिलेलं. मी वाचलं ते माझ्या पद्धतीनं. पण तुझी तरी काय पद्धत रे? माणसं पानांच्या तोंडाला तोंड लावून श्वास घेतायत आणि साहेब बहिणीला खरं सांगत नाहीत, कारण बहीण हसेल. हसलेच असते. हसून झाल्यावर वायसर कापायला बसले असते. तेवढीसुद्धा ओळख राहिली नाही?

आता तू म्हणशील, मग तूच कुठे शहाणी? खरंय. तुझी ठेवून मेली, माझी वापरून मेली. आबा असते तर दोघांनाही एकेक ठेवून दिली असती. मशीनी फिरत्या ठेवायच्या हे बरोबर, पण दोघी एकाच मापानं झिजवायच्या नसतात, हे मला कळलं तेव्हा दोघी झिजून बसल्या होत्या.

पाच दिवस मी यावर विचार करतेय. विचार करण्यासारखं काही नाही, म्हणूनच पाच दिवस लागले. तुझी बेअरिंग काढून इथे बसवली, तर माझी घासलेली मशीन अर्धीमुर्धी चालेल आणि तुझी कायमची गेली. माझे वायसर तिथे बसवले, तर तुझी नव्यासारखी पळेल, आणि ती एक पळाली तर दोन्ही वस्त्यांना पुरून उरेल. चार मशीनींच्या काळात जेवढी माणसं होती, तेवढी आता उरलीत कुठे? वेड्यालाही कळेल कुठलं कुठे न्यायचं ते.

फक्त एक अडचण. मशीन तिकडे चालली, म्हणजे माणसांनी तिकडे जायचं. म्हणजे मीही.

हे पत्र न्यायला सावकाशला थांबवून घेतलंय. आत्ता खोलीबाहेर जाताना म्हणाला, "ताई, एक विचारू? दर खेपेला तुम्ही विचारता, कसा आहे रे तो, खोकतो का अजून, मशीन गुंडाळलेलीच आहे का. आणि दर खेपेला सांगता, मी विचारलं म्हणून सांगू नकोस. आता सांगू का?"

मी म्हटलं, "तू गाडी धू."

पुढचं पत्र येईपर्यंत डिंक लावणं बंद कर. डिंकानं खोबणी भरते.

ताई

थंडी. दुपार आहे, चूल आत्ताच विझवली.

बारक्या,

हे पत्र आणि पोरं एकाच गाडीतून येतायत. आधी पोरांना आत घे, मग वाच.

थोडक्यात सांगते. थोरलीचे वायसर काढून बघितले, ते झिजून कागद झालेले, तुझ्या चालतीचेही तसेच असणार, आणि नवे कापायला रबर नव्हतं. बंद गल्ल्यांच्या दारांची रबरं ओढून बघितली, हातात चुरा. गोदामात आबांच्या वेळची गुंडाळी होती, ठेवणीतली (हसू नकोस), तीही कडक होऊन तडकलेली. दोन दिवस वस्तीभर फिरले. सगळीकडे तेच. जे कुणी वापरत नव्हतं, ते सगळं गेलेलं.

संध्याकाळी वर्गात पाय चोळत बसले होते. आमचे हे म्हणाले, "ट्रामच्या जमिनीचं बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. का नव्हतं बघितलं, ते त्यांनाही ठाऊक होतं.

जाऊन बघितलं. ट्रामच्या जमिनीवर जाड रबर आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाकांखालचं तडकलेलं. पण मधल्या वाटेवरचं, जिथून हे रोज येरझाऱ्या घालतात, झाडतात, पुसतात, तिथलं मऊ. बोटानं दाबलं तर दबतं आणि परत वर येतं. मी तशीच उकिडवी बसून राहिले. सहा वर्षं या माणसाला मी बोल लावले.

ते म्हणाले, "काप की. वाट कसली बघतेस?"

"तुमची ट्राम आहे."

"बंद आहे ती," म्हणाले. "आता सांगायला बसायची गरज नाही. जमीनच नाही तर कोण चढतंय?"

स्वतःच्या हातानं त्यांनी पट्टा सोलून काढला. मी वायसर कापले. दोन जास्तीचे आहेत, एखादा फाडशीलच.

मग सभा. अध्यक्ष म्हणाले, स्थलांतराचा विचार करण्यासाठी एक समिती नेमू. डॉक्टरीण म्हणाली, "नेमा, पण समितीच्या बैठका जिन्याच्या वरच्या पायरीवर घ्या." विषय मिटला. मग शिंपी उठला. त्याचा राग मला माहीत आहे, वाटणीच्या वेळी त्याचा सख्खा भाऊ तुझ्याबरोबर गेला आणि जाताना दुकानातली मोठी कात्री घेऊन गेला. तो म्हणाला, "त्यांच्या दारात जायचं? ज्यांनी आपल्याला सोडून दिलं? तुम्हीच तर म्हणाला होतात ताई, मेले तरी जाणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "हो, म्हणाले होते. मेल्यावर जाणार नाहीच. म्हणून जिवंत आहे तोवर जाते."

शिंपी बसला. पण मला वाटतं तो कात्रीसाठी येतोय.

आता कामाचं, नीट वाच. वायसर बसवण्याआधी खोबणीतला डिंक खरवडून काढ, लाकडाच्या काडीनं, लोखंड लावू नकोस. तेलाचं बोट फिरव. जास्त आवळू नकोस. तुझी खोड आहे, स्क्रू दिसला की त्याचा जीव घेतोस. हातानं बसेल तेवढं, वर अर्धा फेरा, बस्स. पहिले काही तास मशीन रिकामी फिरू दे, लगेच भार देऊ नकोस. शिट्टी आली तर वरचा दुसरा वायसर उलटा झालाय असं समज.

वायसर बसतील की नाही हे मला इथून सांगता येत नाही. माप आबांचं, हात माझा, रबर ट्रामचं. हे कळेपर्यंत थांबायचं, मग पोरं पाठवायची, असा शहाण्यांचा आग्रह होता. पण धाकटी कालपासून वाजायला लागलीय. तोच आवाज, आबांचा जबडा. ज्याला थांबायला वेळ आहे त्यानं थांबावं.

म्हणून पहिल्या खेपेला पोरं, त्यांच्या आया, म्हातारे आणि डॉक्टरीण. सावकाशनं खाणीची जुनी ट्रॉली मागे जोडलीय, तिला आतून पत्रे आणि चादरी लावल्यात. त्यांच्यासोबत हवेच्या बाटल्या दिल्यात त्या जाण्यापुरत्या. परत येण्यापुरत्या नाहीत. हे मी त्यांच्या आयांना सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. म्हणजे तुला कळेल स्क्रू किती आवळायचा.

सावकाश परत आला की दुसऱ्या खेपेला बाकीचे. मी त्यांच्यात. तोवर धाकटीला चालवायचं काम माझं. पट्टा निसटतो, तो हातानं धरून ठेवावा लागतो. आम्ही पाळ्या लावल्यात. अध्यक्षसुद्धा धरतात. बरा धरतात, बोलत नाहीत तेव्हा.

रांगणाऱ्या पोराचं नाव अजून ठेवलेलं नाही. त्याची आई म्हणते, तिकडे गेल्यावर ठेवू. मी म्हटलं, ठेवणीत ठेवू नकोस बाई, आजच ठेव. ती म्हणाली, नावाला काय गंज चढतो का?

तुझ्या बायकोला सांग, ओढणीचा तुकडा परत आणतेय.

मी दारात आल्यावर "बघ, आलीस ना" असं म्हणायचं असेल तर एकदाच म्हण, आणि लगेच, म्हणजे ते होऊन जाईल.

ताई

मशीनघराच्या दारावर

बारक्या,

एका हातानं लिहितेय, अक्षर बघू नकोस. दुसऱ्या हातात पट्टा आहे. आमचे हे हा कागद बाहेरच्या दाराला चिकटवतील. माझी पाळी सोडून दारापर्यंत येता येत नाही. पट्टा सुटला तर गोदामातल्या माणसांची पंचाईत.

वरच्या काचेतून गाडी दिसली. उतारावर आहे अजून. सावकाश कधी नव्हे तो जोरात हाकतोय. पुढे दोघं बसलेत. हे म्हणाले, कुणी मदतनीस असेल. मी म्हटलं, मदतनीस कसला, हनुवटीखाली मूठ धरून बसलाय, आबांनी ओरडा दिल्यावर बसायचा तसा. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. दिसायची गरज नाही.

तुला कुणी बोलावलं होतं? मी येत होते ना?

पण तू इथे आलायस म्हणजे तिकडे ती चालतेय. नाहीतर तू तिला सोडून हललाच नसतास. पोरं पोचली. वायसर बसले. स्क्रू जास्त आवळला असशील तर नंतर बोलू.

काही आणलं असशील तर बाहेरच ठेव, आधी पट्ट्याला हात लाव. माझा खांदा भरून आलाय.

दार नुसतं लोटलेलं आहे. वाजवत बसू नकोस. आत ये, आणि मागे नीट लाव. हवा जाते.